तू निवडलेली आगबोट

अक्का, ते मांड्यांमुळेच झालं होतं. बोटीमुळे नाही. आता तू उलटून बोलायला नाहीस म्हणून मी हे म्हणतेय असं समजू नकोस. तू होतीस तेव्हाही मी हेच म्हणत होते आणि तू दर वेळी सुपारीचं खांड तोंडात टाकून खिडकीबाहेर बघायचीस. "बठ्ठा दोष समुद्रना शे," एवढंच तुझं उत्तर. खापरावरच्या मांड्यांनी आजवर कुणाचं पोट बिघडलं नाही म्हणे. माझं म्हणणं, समुद्र तिथे आधीपासून होताच, त्यात पुरण, तूप आणि आमरस आपण घेऊन गेलो. दहा-बारा वर्षं हा वाद पुरला आपल्याला. मागच्या दिवाळीत तू अंथरुणाला खिळली होतीस, तरी विषय निघाल्यावर उशीवरची मान नकारार्थी हलवलीसच. काल तुझा दहावा उरकून धुळ्याला परत आले, स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हा वाद आता माझ्या एकटीच्या गळ्यात पडला.

आपलं नातं लोकांना सांगताना माझी कायम पंचाईत व्हायची. तू छायाची आजी. छायाची आई, तुझी एकुलती एक लेक कुसुमताई, गेल्यावर मी त्या घरात लग्न करून आले. म्हणजे मी तुझ्या जावयाची दुसरी बायको. याला आपल्याकडे धड नाव नाही. पिंपळनेरला माझं माहेर होतं ते नावापुरतं, आईवडील कधीच गेले होते, मामांनी लग्न लावून दिलं. मंगळसूत्राबरोबर गळ्यात कुसुमताईंच्या नावाचा चांदीचा टाक घातला, दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा मान राखायचा म्हणून. तुझ्या पाया पडायला जळगावला आले तेव्हा तो टाक मी पदराखाली झाकून घेतला होता. ज्या बाईची लेक गेली तिच्यासमोर तो मिरवायचा कसा? तू पदर बाजूला केलास, टाक बोटानं पुसलास आणि म्हणालीस, "झाकू नको. आते तू मन्ही पोर."

मला वाटलं, चार बायकांसमोर म्हणायचं म्हणून म्हणालीस. पण त्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आखाजीला, घरोघरच्या लेकी माहेरी निघाल्या तेव्हा, मला न्यायला जळगावहून सुरेशभाऊ आले. तुझा मुलगा, स्वतःच्या बहिणीच्या जागी आलेल्या बाईला माहेरी न्यायला! आमच्या शेजारणीला वाटलं, घर चुकले. तुझ्याकडे गेल्यावर मी अहो-जाहो करत होते, तर तू रागावलीस, आईला कोण अहो म्हणतं म्हणून. अगंतुगं जिभेवर यायला मला पुढे वर्ष लागलं, पण एकदा आलं ते आलंच.

एवढं सगळं असून छायाचं मात्र जमत नव्हतं. आई गेल्यापासून ती तुझ्याजवळच होती. मी आल्यावर तिला धुळ्याला आणायचं ठरलं होतं, पण ती सुट्टीत यायची, बापाजवळ चार दिवस बसायची आणि परत जायची. मला ती काहीच म्हणत नसे. आई नाही, मावशी नाही, साधं "ऐका ना" सुद्धा नाही. काही हवं असलं तर माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि मी ओळखायचं. उद्धट नव्हती बिचारी. ताट उचलून ठेवायची, माझ्या लहानग्या पिंट्याला खेळवायची, फक्त माझ्या बाजूचं दार तिनं लावून घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात ती नववी पास झाली. दहावीला जळगावातच ठेवायची की धुळ्याला आणायची, हे जूनच्या आत ठरायला हवं होतं. सगळ्यांचं मत जळगावच्या बाजूनं होतं. शाळेची सवय, आजीची सवय, शिवाय सावत्र आई ती सावत्र आई, हे कुणी बोलत नसलं तरी मला ऐकू येत होतं. मला ती हवी होती, अक्का. यंदा राहिली तर दहावी झाल्यावर कॉलेज, मग लग्न, म्हणजे ती आमच्या घरी कधीच येणार नाही, आणि ते घर कायम अर्धंच राहील, हे मला कळत होतं. तुझ्याकडे मी हे एकदाच बोलले, कुरडयांचा चीक हाटताना. चीक गाठी धरतोय, एवढंच तू म्हणालीस.

आणि मग बोटीचा विषय निघाला.

ह्यांची सरकारी प्रवासाची सवलत त्या उन्हाळ्यात वापरली नाही तर वाया जाणार होती. सुरेशभाऊ आणि वहिनी म्हणाले, आम्हीही येतो. आखाजीचं जेवून सगळे ओसरीत लवंडलो होतो. आमचा पिंट्या चार वर्षांचा, सुरेशभाऊंचा धाकटा दुसरीतला. त्यांचा थोरला दिलीप मिसरूड फुटलेला, आरशासमोरून हलत नसे, आणि छाया. म्हणजे दोन लेकरं बांधून ठेवायच्या वयाची आणि दोन बांधून ठेवता न येण्याच्या वयाची. जायचं कुठे, यावर मोठ्यांचं एकमत होईना. तेवढ्यात पिंट्या म्हणाला, बोटीत. त्याला कागदाचीच बोट ठाऊक होती, पण सगळ्यांनी ते धरलं.

ह्यांच्या डोळ्यांसमोर लगेच काश्मीर आलं, कॅलेंडरवरच्या त्या नक्षीदार हाऊसबोटी. तू विचारलंस, ती चालते का? हे म्हणाले, चालत नाही, तळ्यात उभी असते, आपण तिच्यात राहायचं. तर तू म्हणालीस, "उभी बोटमा बसानं ते आपला ओटा काय वाईट शे?" सगळे हसले, पण तू हसली नव्हतीस. तुझा हिशेब वेगळाच चालू होता. दार उघडलं की पाणी, चारी बाजूंनी पाणी, म्हणजे पिंट्यामागे दिवसभर एक बाई हवी, आणि ती बाई कोण असणार हे तुला माहीत होतं. सुरेशभाऊंनी मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचचं सुचवलं. लहानांना ती पुरेल, तू म्हणालीस, पण तासाभरात मोठी पोरं तोंड पाडून चढतील आणि तोंड पाडूनच उतरतील.

शेवटी तू समोरच्या रशीदभाईंना बोलावलंस. गाद्या-उशांचं दुकान त्यांचं, आणि बहीण रत्नागिरीकडे दिलेली, त्यामुळे मुंबई-गोवा आगबोटीनं त्यांचं सारखं जाणं-येणं. त्यांना पुढ्यात बसवून तू जी उलटतपासणी घेतलीस, ती मी दारात उभी राहून ऐकत होते. कठड्याच्या गजांतून चार वर्षांच्या पोराचं डोकं जाईल का? खालच्या डेकवरून वरच्या डेकवर जायला जिना कसा आहे? मोठ्या पोरांना आपल्या नजरेआड जाऊन बसायला जागा आहे का, आणि नजरेआड गेली तरी ती कुठे आहेत हे आपल्याला कळेल का? जेवणखाण बोटीवर मिळतं का, म्हणजे बायकांना जरा पाठ टेकता येईल? रशीदभाई न कंटाळता सांगत होते. लहानांना पळायला लांबलचक डेक आहे, मोठ्यांना फिरायला दोन मजले आहेत, बोट सोडून कुठे जातील? आणि मग तू विचारलंस, की मधेच कुणाला उतरावंसं वाटलं तर? ते म्हणाले, मधली बंदरं आहेत, लहान होड्या येऊन सामानसुमानासकट माणसं उतरवून नेतात. तसं नाही, तू म्हणालीस, रुसून उतरायचं म्हटलं तर?

रशीदभाई हसले. "अक्का, बीच समंदर में रूठ के कौन उतरेगा?"

तू उठलीस आणि म्हणालीस, हीच बोट. ह्यांनी बायकांसाठी केबिन घेऊ म्हटलं, तर ते तू साफ मोडून काढलंस. खोलीला दार असतं म्हणालीस. आम्हाला वाटलं, उकाड्याला भ्यायलीस. मेमधल्या जळगावात राहणारी बाई उकाड्याला भिईल, हे आम्हाला कसं पटलं कोण जाणे.

आता मांड्यांचं. रात्रीच्या गाडीनं जायचं म्हणून तू आणि वहिनी दुपारपासून चुलीवर खापर पालथं घालून बसला होतात. हातावर वाढवत वाढवत घोंगडीएवढा केलेला मांडा, पुरण काठापर्यंत. पितळी डबा भरला. प्रवासाला निघालेलं माणूस उपाशी असू नये, आणि आखाजीच्या दिवसांत मांडे असले की आमरस हवाच, ही आपल्या खान्देशातली श्रद्धा. जिथे धूळ आणि ऊन यापलीकडे प्रवासात काही लागत नाही, तिथे ती ठीक होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावर हमाल आमच्या वळकट्या घेऊन धावले, डेकवर जागा धरली. तू आधी सावली कुठे पडेल ते पाहिलंस, सतरंजी अंथरायला लावलीस आणि पाटीतले आंबे पिळायला घेतलेस. धक्क्यावरचे लोक निघणाऱ्यांना रुमाल हलवत होते आणि तू कोपरापर्यंत रसानं भरली होतीस. कोकणात निघालेल्या बायका बघत राहिल्या. त्यातली एक भली बाई म्हणाली सुद्धा, की आजी, एवढं खाऊ नका, पुढे बोट हलते. तू तिलाच वाटीभर रस दिलास. तिनं घेतला नाही.

सगळे पोट फुटेस्तोवर जेवले. मी वाढत होते आणि मधेमधे पिंट्यामागे धावत होते. मग तू तुझ्या जुन्या लुगड्याची पट्टी काढलीस, पिंट्याच्या कमरेला बांधलीस आणि दुसरं टोक बाकाला. गजांपर्यंत जाईल पण पलीकडे डोकावणार नाही, एवढी लांब. मला म्हणालीस, आता निवांत जेव. मी पान घेतलं आणि मुंबई मागे पडली, बोट उघड्या समुद्राला लागली.

पहिले सुरेशभाऊ तोंड दाबून कठड्याकडे धावले. मग वहिनी. मग दिलीप, जो वरच्या डेकवर कुणा मुंबईच्या पोरांसमोर रुबाबात उभा होता, तो हिरवा चेहरा घेऊन खाली आला. हे कठड्याला धरून उभे राहिले ते तिथेच राहिले. तू आडवी पडलीस आणि डोळे मिटून समुद्राला शिव्या द्यायला लागलीस. अख्ख्या कुटुंबात पायांवर उभी होते ती मी, कारण माझ्या पानातला मांडा तसाच होता, आणि पिंट्या, कारण त्यानं रस नुसता अंगाला फासला होता. तू मला म्हणायचीस, तुला मुळातच बोट लागत नाही. असेल बाई. मला विचारशील तर मी जेवले नव्हते एवढंच खरं.

छाया एकटीच लांब जाऊन बसली होती, जिन्याच्या आडोशाला. मी गेले तर ती गुडघ्यात डोकं घालून होती. हात लावला तर झटकेल म्हणून मी नुसतीच शेजारी बसले. तेवढ्यात तिला उमळून आलं. मी तिचं कपाळ धरलं, आणि जे व्हायचं ते माझ्या साडीवर झालं, तू आखाजीला घेतलेल्या नव्या कोऱ्या साडीवर. ती रडायला लागली. साडीसाठी की कशासाठी, ठाऊक नाही. मी पदर ओला करून तिचं तोंड पुसलं. मग पुन्हा, मग पुन्हा. ती इतकी गळून गेली की तिनं डोकं माझ्या मांडीवर टाकलं. तिचं डोकं इतकं जड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पाच-सहा वर्षांत मी तिच्या केसांना पहिल्यांदा हात लावत होते.

तिकडे पिंट्यानं भोकाड पसरलं. आई दिसेना म्हणून. मी उठायला गेले तर छायानं माझा पदर मुठीत धरला. डोळे मिटलेलेच होते.

"जाऊ नका," ती म्हणाली.

मी तशीच अर्धी उठलेली. इकडे ही, तिकडे तो. तेव्हा सतरंजीवरून तुझा आवाज आला. "तू तठेच बस. पोऱ्याले मी देखस." तुझ्या अंगात मान उचलायचं त्राण नव्हतं. तू पडल्या पडल्याच ती लुगड्याची पट्टी धरलीस आणि वासरू ओढावं तसं पिंट्याला हळूहळू जवळ ओढून घेतलंस. तो तुझ्या पोटावर बसला आणि तू पुन्हा समुद्राला शिव्या द्यायला लागलीस.

ऊन कलल्यावर समुद्र जरा शांत झाला. छायानं बिनदुधाचा चहा घेतला, कोरडी भाकरी खाल्ली. कोकणचा किनारा डाव्या हाताला होता, एक लहानसं बंदर आलं, होड्या येऊन लागल्या, माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन उतरत होती. ती उठून बघायला लागली. मग मला म्हणाली, आईनं समुद्र पाहिला होता का? मी म्हटलं, मला माहीत नाही, अक्काला विचारू. आणि तुमच्या आईनं, तिनं विचारलं. मी म्हटलं, तिनं पांझरा नदीपलीकडे पाणी पाहिलं नाही. त्यावर ती हसली. आई नसलेल्या दोघी आम्ही, तोवर हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. मग ती माझ्या आईबद्दल विचारत राहिली आणि मी कुसुमताईंबद्दल, ज्यांना मी गळ्यात घालून फिरत होते आणि ज्यांच्याविषयी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या शिट्टी वाजवायच्या हे मला तिथे कळलं. दिलीप बोलवायला आला तशी ती त्याच्याबरोबर वरच्या डेकवर गेली. जाताना म्हणाली, "मावशी, साडी खाऱ्या पाण्यानं धुऊ नका."

मी सतरंजीवर आले तेव्हा तू जागी होतीस. जागा करून दिलीस आणि म्हणालीस, झोप, इथे कुणी चहा मागणार नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी दिवस मावळायच्या आत झोपले. गोव्यात आम्ही काय काय पाहिलं, ते मला विचारशील तर फारसं सांगता येणार नाही.

जूनमध्ये तू स्वतः छायाला घेऊन धुळ्याला आलीस. ट्रंक, गादी, अभ्यासाचं टेबल एसटीच्या टपावर. तिचे केस कसे विंचरायचे, दुधातली साय तिला चालत नाही, रागावली की तिला एकटी सोडायचं, असं सगळं मला सांगत बसलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं निघालीस. राहा म्हटलं तर राहिली नाहीस. पुढे कधीतरी वहिनी बोलून गेल्या, की त्यानंतर कितीतरी दिवस जेवायला बसताना तू छायाचंही ताट मांडायचीस आणि मग मुकाट्यानं उचलून ठेवायचीस. मला तू हे कधी कळू दिलं नाहीस. लेक गेल्यावर तिची खूण म्हणून जी पोर तुझ्यापाशी उरली होती, ती तू उचलून माझ्या घरात आणून ठेवलीस, अक्का. मला हवी होती म्हणून. हे एवढं मोठं माझ्यासाठी माझ्या रक्ताच्या कुणी केलं नाही.

एकदा मी तुला विचारलं होतं, की ती बोट तू यासाठीच निवडलीस का? जिथून कुणाला रुसून उतरता येत नाही, जिथे आमच्यात दार नाही? तू म्हणालीस, मला समुद्र पाहायचा होता. डोळे मिटून पाहिलास का, मी म्हटलं. तू सुपारीचा डबा शोधायला लागलीस. पुढे ती आगबोट बंद झाली, छाया पाचोऱ्याला नांदायला गेली, तिला दोन मुलं झाली. आता ती त्यांना कुठे न्यायचं, कुठल्या वयात काय झेपेल, हे फोन करून मला विचारते आणि मी तुझेच प्रश्न तिला विचारते. लहानाला पळायला जागा आहे का? मोठ्याला लपायला आहे का? तुला पाठ टेकता येईल का? आभार मात्र मी तुझे कधी मानले नाहीत. आईचे आभार कोण मानतं, असं तूच म्हणाली असतीस, आणि मग मला ते शब्द परत गिळावे लागले असते.

तू गेलीस त्या सकाळी मी धुळ्याहून पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. तुला अंघोळ घालायची तयारी चालली होती. मी भिंतीशी उभी राहिले. तिथे सख्खी नाती होती, आपण मागे राहावं असं वाटलं. बोदवडहून तुझी चुलत नणंद आली होती, खूप थकलेली, तिला कुसुमताई गेल्याचंसुद्धा आता आठवत नाही. ती मोठ्यानं विचारायला लागली, "अक्कानी पोर कोठे शे? पहिलं पानी पोरना हातनं पडाले जोयजे." वहिनींनी तिचा हात धरला, तिला समजावून सांगावं म्हणून. तेवढ्यात छाया गर्दीतून आली, तिनं माझा दंड धरला आणि मला पुढे आणून उभं केलं.

"अक्कानी पोर आठेच उभी शे," ती म्हणाली. "मन्ही माय."

बायका बाजूला सरकल्या. कुणीतरी माझ्या हातात तांब्या दिला, आणि मी तुझ्या डोक्यावर पहिलं पाणी घातलं.